पेनड्राइव्ह बूट होत नाही? पुन्हा बनवण्याआधी या चुका टाळा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या लॅपटॉपवर आता कुणी विंडोज ११ टाकून बघतंय, कुणी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. त्यासाठी बनवलेला पेनड्राइव्ह चालला नाही की बहुतेक जण तोच परत बनवतात, मग दुसऱ्या सॉफ्टवेअरने, शेवटी नवा विकत आणतात. त्यापेक्षा गाडी नेमकी कुठे अडली ते बघा. कारण बहुधा तिथेच सापडतं.

बूट मेनूत, म्हणजे लॅपटॉप कशावरून सुरू करायचा त्या यादीत, पेनड्राइव्ह दिसतच नाही? मग आयएसओ फाइल (डाउनलोड केलेली विंडोज किंवा लिनक्सची अख्खी प्रत) नुसती कॉपी-पेस्ट केली असेल. ती विंडोजची असेल तर रुफससारख्या, लिनक्सची असेल तर रुफस किंवा एचरसारख्या सॉफ्टवेअरनेच पेनड्राइव्हवर चढवावी लागते, आणि त्यात आधीचा सगळा डेटा जातो. डीव्हीडीलाही ‘बर्न इमेज’च हवं. पण साध्या डीव्हीडीत मावतात ४.७ जीबी आणि विंडोज ११ ची फाइल ५ जीबीच्या वर, तेव्हा तो नाद सोडलेलाच बरा. बूट मेनूसाठी लॅपटॉप सुरू होतानाच दाबायचं बटण: डेल आणि लेनोवोवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर हा मेनू आधी बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन चालू करावा लागतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक पुढे आहे. सेटअप सुरू होतो, डिस्क निवडली की म्हणतो, ही डिस्क जीपीटी पद्धतीची (डिस्कचे भाग नोंदवण्याची नवी पद्धत, जुनी ती एमबीआर) आहे, इथे विंडोज टाकता येणार नाही. यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे डिस्कपार्ट या विंडोजच्या डिस्क-टूलमध्ये ‘क्लीन’ चालवा. अजिबात नको! फोटो, कागदपत्रं, सगळं पुसलं जाईल. डिस्कमध्ये काही बिघाड नाही. पेनड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने बूट झालाय, एवढंच. रुफसमध्ये एमबीआरऐवजी जीपीटी निवडून तो बनवा आणि बूट मेनूत ज्या नावाआधी ‘यूईएफआय’ (लेगसीच्या जागी आलेली नवी बूट पद्धत) लिहिलंय तेच निवडा.

उलट सेटअपला डिस्कच दिसत नसेल तर? इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर हे बरंच होतं. कारण व्हीएमडी, म्हणजे एसएसडी सांभाळणारी इंटेलची सोय; तिचा ड्रायव्हर सेटअपकडे नसतो. एसएसडी मेली म्हणून दुकान गाठू नका. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, झिप उघडून फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा आणि सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ने तो दाखवा. बायोसमधून व्हीएमडी बंद करूनही काम होतं, पण मग आत असलेलं जुनं विंडोज सुरू होईलच असं नाही. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून लिहून घ्या.

सेटअप मध्येच कुठेतरी फाइल करप्ट असल्याची एरर देतोय? डाउनलोड अर्धवट झालं असेल. सेव्हन-झिपमधून आयएसओचा एसएचए-२५६ (फाइल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा कोड) काढून अधिकृत साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. जुळला, तर संशय पेनड्राइव्हवर.

रीस्टार्टनंतर सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल तर पेनड्राइव्ह काढा, बस्स.

आणि लिनक्ससाठी एचरने बनवलेला पेनड्राइव्ह नंतर विंडोजमध्ये लावला की ‘फॉरमॅट करा’ म्हणतो किंवा जागा भलतीच कमी दाखवतो. तो खराब झालेला नसतो. रुफसमध्ये ‘नॉन बूटेबल’ निवडून फॉरमॅट केला की पूर्ण जागा परत मिळते.