लग्न रद्द करायचंय? 'वर्षभर थांबा' ऐकून बसू नका, या चुका टाळा

लग्नाला दोन-तीन महिने झालेत, समोरच्याने काहीतरी मोठं लपवलंय हे कळलंय, आणि घरात कोणीतरी जाणकार म्हणतो की वर्ष झाल्याशिवाय कोर्टात जाताच येत नाही. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ते वर्ष घटस्फोटाचं आहे, हिंदू विवाह कायदा 1955, कलम 14. लग्न रद्द होतं कलम 12 खाली आणि तिथलं वर्ष बरोबर उलटं चालतं, फसवणूक कळली त्या दिवसापासून किंवा जबरदस्तीचा दबाव संपला त्या दिवसापासून एका वर्षाच्या आत अर्ज कोर्टात दाखल झाला पाहिजे, नाहीतर ते कारण हातातून गेलं.

माझ्या मावसबहिणीचं हेच झालं. कपाटाच्या वरच्या खणात नवऱ्याच्या जुन्या आजारपणाची फाईल सापडली, लग्नाआधीच्या तारखांची. माहेरच्यांनी सांगितलं, सांभाळून घे, होईल नीट. ती पाच महिने नांदली. पुढे उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी तिचाच वटपौर्णिमेचा फोटो काढला, फाईल सापडल्यानंतरचा, आणि विचारलं की सगळं माहीत असूनही तुम्ही राजीखुशीने राहत होतात ना? खरं कळल्यावर स्वतःच्या मर्जीने नवरा-बायको म्हणून राहिलात तर वर्ष पूर्ण व्हायच्या आतसुद्धा अर्ज फेटाळला जातो, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. तिचा फेटाळला गेला, आता घटस्फोटाची केस चालू आहे. म्हणून कळलं त्याच दिवशी तारीख लिहून ठेवा, कागदांचे फोटो काढा, मेसेज डिलीट करू नका आणि त्याच आठवड्यात वकील गाठा. नोटीस पाठवली, पोलिसांत तक्रार दिली, बैठका चालू आहेत, यातल्या कशानेही मुदत थांबत नाही.

आणि प्रत्येक खोटं फसवणुकीत बसत नाही. पगार थोडा फुगवून सांगितला एवढ्यावर लग्न रद्द होईल अशी आशा धरू नका, लपवलेली गोष्ट लग्नाच्या निर्णयावरच परिणाम करणारी हवी.

बायको लग्नाच्या वेळी दुसऱ्याकडून गरोदर होती, या कारणाची मुदत मात्र कळल्या दिवसापासून नाही, लग्नाच्या तारखेपासून एक वर्ष. इथे गल्लत खूप जण करतात. नपुंसकत्वामुळे शरीरसंबंधच आला नाही, या कारणाला कलम 12 मध्ये अशी वर्षाची अट नाही, पण विनाकारण उशीर का केला हे कोर्ट विचारतंच. शरीरसंबंधाला नुसता नकार हे हिंदू विवाह कायद्यात रद्द करायचं कारण नाही, रजिस्टर लग्न विशेष विवाह कायदा 1954 खाली झालं असेल तर जाणूनबुजून दिलेला नकार हे कारण होतं. त्यामुळे लग्न कुठल्या कायद्याखाली झालंय ते आधी सर्टिफिकेटवर बघा.

पहिली बायको किंवा नवरा हयात आहे आणि घटस्फोट झालेला नाही, तर दुसरं लग्न कलम 11 प्रमाणे मुळातच रद्दबातल, त्याला मुदत नाही. जवळच्या नात्यातलं लग्नही तसंच, पण मामाच्या मुलीशी लग्नाची रूढी समाजात असेल तर ते चालतं. सगोत्र आहे म्हणून लग्न रद्द होत नाही. स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून लग्न रद्द झालं असं समजून दुसरं लग्न करणारे अजून भेटतात, कृपया असं करू नका, हुकूमनामा कोर्टाचाच लागतो.

मुलं अनौरस ठरतील या भीतीने बरेच जण गप्प बसतात, तशी भीती नको, कलम 16 प्रमाणे ती औरसच राहतात. पोटगीही मागता येते, लग्न रद्दबातल ठरलं तरी कोर्ट ती देऊ शकतं हे सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये स्पष्ट केलंय.

बालविवाहाचं वेगळं आहे. वय कमी होतं म्हणून लग्न आपोआप रद्द होत नाही, 2006 च्या कायद्याखाली अर्ज करावा लागतो आणि मुलीला तो वीस वर्षं पूर्ण होण्याआधीच करता येतो. ती अजून अठराची नसेल तर पालक किंवा जवळची व्यक्ती बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यासोबत तिच्या वतीने अर्ज करू शकते. साडेएकोणीसची असेल तर हातात सहाच महिने आहेत, आजच जन्मदाखला शोधा.