पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालतो असं नाही, या चुका टाळा

रिपेअरिंगच्या टेबलावर बंद पडलेला राउटर, मॉनिटर, हार्ड डिस्क, काहीही आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे, अडॅप्टर कुठला लावला होता? आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, "दादा, पिन तर बरोबर बसली होती." हे वाक्य ऐकून ऐकून मी आता खरंच वैतागलोय, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो.

पिन बसणं आणि अडॅप्टर मॅच होणं यांचा काही संबंध नाही. ती गोल काळी पिन घरातल्या निम्म्या वस्तूंना सारखीच असते, बाहेरून 5.5 मिमी, आतलं भोक 2.1 किंवा 2.5. त्याच पिनमधून कुणी 5 व्होल्ट देतो, कुणी 9, कुणी 12, आणि लॅपटॉपवाला 19. वर 2.5 ची पिन 2.1 च्या सॉकेटमध्ये आरामात जाते, जरा सैल बसते इतकंच.

एका फोटोग्राफरचं सांगतो. टेबलावर लॅपटॉप, शेजारी मोठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क, दोन्हीचे अडॅप्टर काळे, दोन्हीच्या वायरींचा एकत्र गुंता. रात्री घाईत लॅपटॉपची 19 व्होल्टची पिन 12 व्होल्टच्या डिस्कमध्ये गेली, टक् असा आवाज, जळका वास, डिस्क मेली, आणि आत अजून पार्टीला न दिलेले लग्नाचे फोटो. माणूस आला तेव्हा अक्षरशः थरथरत होता. डिस्कचा बाहेरचा डबा उघडला तर डब्यातलं बोर्ड गेलेलं, पण डिस्कच्या स्वतःच्या बोर्डावर 12 व्होल्टच्या लाइनला एक प्रोटेक्शन डायोड असतो, तो जास्त व्होल्टेज आलं की स्वतः शॉर्ट होऊन पुढचा माल वाचवतो, तो शॉर्ट झाला होता. तो काढला, डिस्क नीट 12 व्होल्टवर फिरवली आणि लगेच सगळा डेटा दुसरीकडे घेतला, कारण डायोड काढल्यावर त्या डिस्कला पुढच्या वेळी वाचवायला कोणी उरत नाही. फोटो मिळाले. पण नंतर अगदी अशीच दुसरी केस आली, त्यात डिस्कची मोटर चालवणारी आयसी (चिप) पण उडाली होती आणि माझ्या टेबलावर काही होण्यासारखं नव्हतं. त्यामुळे व्हिडिओ बघून डायोड उपटायला बसू नका, तो डायोड आहे की दुसरं काही हे ओळखता आलं पाहिजे.

माझी सवय सांगतो. नवीन वस्तू घरात आली की बॉक्स फेकायच्या आधी अडॅप्टरवर सिल्व्हर मार्करने वस्तूचं नाव आणि व्होल्ट लिहायचे, आणि वस्तूच्या सॉकेटजवळ पण तेच व्होल्ट. दोन मिनिटं लागतात. लोकांना तेवढा पण धीर नसतो आणि मग चार दिवस दुकानाच्या चकरा मारतात.

स्टिकर वाचताना OUTPUT ची ओळ वाचा. कितीतरी जण वरची INPUT ची ओळ वाचतात, तिथे 100-240V लिहिलेलं असतं, ते भिंतीतल्या लाइटचं. अक्षर बारीक असेल तर मोबाईलने फोटो काढून झूम करा.

आता अँपिअर. इथे लोक बरोबर उलटं घाबरतात. 12 व्होल्ट 1 अँपच्या राउटरला 12 व्होल्ट 2 अँपचा चांगला अडॅप्टर लावला तर राउटर जळत नाही. वाढप्याच्या हातात मोठं पातेलं आहे म्हणून पंगतीतला माणूस जास्त जेवत नाही, वस्तू लागेल तेवढाच करंट घेते. व्होल्ट सारखे पाहिजेत, अँप सारखे किंवा जास्त. कमी अँप मात्र त्रास देतात, आणि असा त्रास देतात की दोष भलत्यालाच लागतो. एका सोसायटीत रोज संध्याकाळनंतर कॅमेरे बंद पडायचे, सकाळी चालू. कॅमेरे बदलून झाले, डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग करणारा डबा, बदलायचा ठराव होणार होता. कारण साधं होतं, अंधार पडला की कॅमेऱ्याचे अंधारात बघायचे आयआर एलईडी लागतात आणि करंट वाढतो, आणि आधीच्या माणसाने चार कॅमेरे एका 12 व्होल्ट 2 अँपच्या अडॅप्टरवर लटकवले होते, वायर पण बारीक आणि लांबलचक. चार कॅमेऱ्यांना 5 अँपचा सप्लाय आणि जरा जाड वायर टाकली, प्रश्न संपला. डीव्हीआर सारखा रिस्टार्ट होत असेल तरी आधी अडॅप्टरच बघा, आतली हार्ड डिस्क फिरायला लागताना जास्त करंट ओढते.

पोलॅरिटी म्हणजे प्लस आत की बाहेर. स्टिकरवर ठिपका आणि अर्धगोल असलेलं चित्र असतं, ते वस्तूवरच्या चित्राशी जुळवा. बहुतेक वस्तूंना प्लस आत असतो, पण गिटारच्या 9 व्होल्टच्या बहुतेक पेडलना मायनस आत, बऱ्याच जुन्या कॅसिओ कीबोर्डना पण तसंच, आणि यामाहाच्या 12 व्होल्टवाल्या कीबोर्डना प्लस आत. संगीताच्या क्लासमध्ये दोन्ही असतील तर अडॅप्टर वेगवेगळ्या पिशवीत ठेवा.

OUTPUT समोर AC किंवा ~ असेल तर तो अडॅप्टर डीसीच्या वस्तूला लावू नका, विषय संपला.

जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला 9 व्होल्टचा अडॅप्टर काही जोडलेलं नसताना मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजायच्या मीटरवर) 12-13 दाखवू शकतो, तो बिघडलेला नाही, त्याची जातच तशी. पण आजच्या नाजूक वस्तूला तो नको.

अमेरिकेतून मुलाने पाठवलेली वस्तू असेल तर INPUT ची ओळ पण वाचा. तिथे 120 व्होल्ट, आपल्याकडे 230. लॅपटॉप, मोबाईलच्या चार्जरवर 100-240V असतं, ते बिनधास्त लावा. नुसतं 120V लिहिलं असेल तर पन्नास रुपयांचा पिन कन्व्हर्टर व्होल्टेज बदलत नाही, फक्त पिन बदलतो.

टाइप-सी चा चार्जर 65 वॉटचा असला तरी मोबाईलला चालतो, तो 5 व्होल्टपासून सुरू करतो आणि समोरच्याने मागितलं तरच 9, 15, 20 देतो. पण स्वस्तातला ट्रिमर किंवा टॉर्च सी-टू-सी (दोन्ही टोकं टाइप-सी) केबलने चार्जच होत नसेल तर चार्जरला शिव्या देऊ नका, कंपनीने आतले दोन छोटे रेझिस्टर वाचवलेत, साधी ए-टू-सी केबल लावा.

राउटरच्या मिनी यूपीएसला 9 आणि 12 अशी वेगळी भोकं असतात, वाचून लावा.

वायर कापून दुसरी पिन जोडायची असेल तर सोल्डर करा, श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा, आणि वस्तूला लावायच्या आधी मल्टिमीटरने प्लस-मायनस तपासा. पीळ देऊन सेलोटेप मारलेली वायर माझ्याकडे आली तर मी आधी ती कापतो.

नवीन अडॅप्टर घेताना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि R- ने सुरू होणारा नंबर बघा, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतंय का ते दुकानात उभं राहूनच तपासता येतं. दुकानदार घाई करायला लागला तर दुसऱ्या दुकानात जा.