आकाशात गूढ लाइट दिसली? आधी टाकीची कड धरा

काल गच्चीवर होटगी रोडच्या बाजूला लाइट दिसली आणि सगळे "हलतीय, हलतीय" करायला लागले, म्हणून सांगतो.

१. मोबाईल काढायच्या आधी पाण्याच्या टाकीच्या कडेला लाइट जुळवा आणि दोन मिनिटं मान हलवू नका, ढग पळत असले की जागचा ताराही पळतोय असंच वाटतं.
२. हललीच नाही, संध्याकाळी पश्चिमेला लखलखीत, तर बहुतेक शुक्र. लाल-हिरवी लुकलुक म्हणजे विमान. न लुकलुकता सरळ जाऊन मधेच विझली तर उपग्रह, पृथ्वीच्या सावलीत शिरलेला. ओळीनं ठिपके म्हणजे स्टारलिंक, इंटरनेटचे उपग्रह. नारंगी आणि वाऱ्याबरोबर जाणारी असेल तर उडता कंदील.
३. वेळ, दिशा लगेच लिहून ठेवा, सकाळी आठवत नाही.

लाइटवर लेझर मात्र मारू नका, विमान असलं तर पायलटचे डोळे दिपतात.