जुन्या गाडीतला कार्बन: बाटली ओतण्याआधी

जुनी पेट्रोल गाडी आयडलिंगला थरथरते, घाट चढताना नॉकिंग (इंजिनातून टकटक आवाज) करते? कार्बन साचला असेल. पण आधी स्पार्क प्लग काढून बघा. टोकावर कोरडी काजळी असेल तर अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं कार्बन साफ करणारं औषध, वापरून बघण्यात अर्थ आहे. ओलसर, तेलकट काळं दिसलं तर इंजिन ऑइल पितंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील बघावे लागतील.

बाटलीवर पॉलिइथरअमाइन, म्हणजे पीईए, हे कार्बन साफ करणारं रसायन लिहिलेलं आहे का ते पाहा. टाकी रिकामी होत आली की आधी अ‍ॅडिटिव्ह ओता, मग पेट्रोल भरा, आपोआप मिसळतं. प्रमाण बाटलीवरचंच ठेवा, 'अजून थोडं' नको. ती टाकी हायवेवर संपवलेली बरी, सिग्नलला रखडत नव्हे. थोडा अंश ऑइलमध्ये उतरतो, म्हणून हे काम ऑइल बदलायच्या जरा आधी उरका.

थ्रॉटल बॉडीवरची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेवरची) काळी कड मात्र याने जात नाही. एमपीएफआय गाडीत (जिथे पेट्रोल थ्रॉटलच्या पुढे, प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी फवारलं जातं) तिथून पेट्रोल जातच नाही, नुसती हवा जाते. तिथे क्लीनर स्प्रे आणि सुती फडकंच हवं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या जीडीआय इंजिनातल्या इनटेक व्हॉल्व्हचंही तेच, तिथे टाकीतलं औषध पोचत नाही.