गाडी गॅरेजात कधीच बंद पडत नाही

गाडी दारात उभी, इंजिन मस्त चालू, मालक म्हणतोय बंद पडते, आणि ती काही केल्या बंद पडत नाही. नवीन मेकॅनिकची याच्याइतकी पंचाईत दुसऱ्या कुठल्या कामात होत नाही. क्लच प्लेट गेली तर वास येतो, हेड गॅस्केट गेलं तर पाणी दिसतं, पण अधूनमधून बंद पडणारी गाडी म्हणजे दवाखान्यात पोचल्यावर ताप उतरलेला माणूस. मी आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा ट्रेड करून कराडजवळ हायवेच्या एका गॅरेजात लागलो आणि पहिल्याच वर्षी असली एक गाडी गळ्यात पडली, तिनं आमचे अडीच महिने खाल्ले. तीच सांगतो, कारण करता येतील तेवढ्या चुका मी त्या एकाच गाडीवर करून घेतल्या.

गाडी जुनी, सहा चाकी, मेकॅनिकल इनलाइन पंपाची, म्हणजे सिलिंडरला डिझेल मारणारा मोठा पंप कॉम्प्युटरशिवाय चालणारा. हे आधी डोक्यात बसवा. असलं इंजिन एकदा चालू झालं की त्याला चालत राहायला फक्त डिझेल आणि हवा लागते, स्पार्क नाही, सेन्सर नाही, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर नाही. (१ एप्रिल २०१७ ला देशभर बीएस ४ हे धुराचे नियम आले आणि २०२० ला बीएस ६, त्या नियमांच्या कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटर डिझेल सोडतो अशा गाड्यांना आधी स्कॅनर लावायचा, त्यांचं शास्त्र वेगळं.) म्हणजे जुनी गाडी बंद पडली तर एकतर डिझेल पोचलं नाही, नाहीतर डिझेलबरोबर हवा आत गेली, नाहीतर पंपाला कोणीतरी "थांब" सांगितलं. ते सांगणारी स्टॉप केबल असते किंवा स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे करंटवर चालणारा खटका. एअर फिल्टर चोंदला असेल तर गाडी आधी काळा धूर काढते, दम सोडते, अशी अचानक मरत नाही.

म्हणून ड्रायव्हरला पहिला प्रश्न हाच, की मामा, चावी फिरवल्यासारखी खटकन गेली की आचके देत देत गेली? खटकन गेली तर वायरिंगकडं बघा, आचके देत गेली तर डिझेलकडं. दुसरा प्रश्न, परत चालू कशी झाली? लगेच झाली, दहा मिनिटं थांबल्यावर झाली, का इंजिनवरचा हातपंप मारून लाइनमधली एअर काढावी लागली? या दोन उत्तरांत निम्मं काम होतं, आणि मी त्यातला एकही प्रश्न विचारला नव्हता. मी विचारलं मालकाला. मालक गाडीत बसलेलाच नसतो! त्याला फोनवर जे कळलं ते तो सांगतो, वर स्वतःचं निदान फुकट, "पंप गेलाय बघ."

गाडी कराडहून गूळ घेऊन वाशी मार्केटला जायची आणि येताना मिळेल तो माल भरून यायची. जाताना कधी त्रास नाही. येताना खंबाटकी घाटात बंद. तेव्हा पुण्याकडनं साताऱ्याला येणारी वाहनं घाट चढून यायची, साताऱ्याकडनं जाणारी बोगद्यातून जायची, हे त्या रोडवरच्यांना माहीतच आहे. मग आमचा तर्क सरळ होता, चढाला लोड येतो, डिझेल जास्त लागतं, ते पुरत नाही, म्हणजे फिल्टर चोंदलाय. दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, सेडिमेंटर, म्हणजे पाणी-गाळ खाली बसायचा कप, धुतला, गाडी दिली. पुढच्या ट्रिपला परत घाटात बंद. मग फीड पंप, टाकीतनं डिझेल ओढून मेन पंपाला देणारा. तो बदलल्यावर सलग दोन ट्रिपा गाडी कुठंच थांबली नाही, आम्ही खूश, मालक खूश, आणि तिसऱ्या ट्रिपला पुन्हा खंबाटकीत, ती पण रात्री दीडला. आता आमच्या गॅरेजचे वस्तादपण चिडले. मेन पंप उतरवला आणि पंपवाल्याकडं बेंचवर तपासायला दिला, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझलपण दिले. पंपवाला म्हणाला थोडा घासलाय पण एवढा वाईट नाही. तरी कॅलिब्रेशन करून घेतलं, मालकाचे अठरा हजार गेले, आणि गाडी परत बंद पडली. यावेळी बोरघाटात.

प्रत्येक वेळी आम्ही गाडी ट्रायलला घेत होतो बरं का. कराड ते उंब्रज, लोड टाकून, पाय दाबून. एकदाही बंद पडली नाही. इथं माझी अक्कल संपली होती.

सुटलं ते चहाच्या टपरीवर. ड्रायव्हर मामा वयानं मोठे, कमी बोलणारे, आणि त्यांना सवय डिझेलची वही ठेवायची, तारीख, किलोमीटर, किती लिटर, कुठं टाकलं. त्या दिवशी मालकाशी काहीतरी हिशोबाचं वाजलं होतं म्हणून वही घेऊनच बसले होते. मी नुसती चाळत होतो तर त्या दोन चांगल्या ट्रिपांपुढं परतीच्या प्रवासात पनवेलला डिझेल टाकल्याची नोंद दिसली, बाकी कुठल्याच ट्रिपला वाटेत डिझेल नाही. विचारलं तर म्हणाले, "त्या वेळी भाडं रोख मिळालं होतं रे पोरा, म्हणून टाकलं. एरवी मालकाचं खातं इथल्या पंपावर हाय, इथनंच फुल करून निघायचं आणि इथंच येऊन फुल करायचं."

मग तिथंच टपरीवर हिशोब मांडला. टाकी १६० लिटरची, गाडी लिटरला ५ च्या आसपास देते. कराड-वाशी-खंबाटकी असं धरलं तर साधारण पावणेपाचशे किलोमीटर, म्हणजे ९५ लिटरच्या आसपास जळलं, टाकी अर्ध्याच्या खाली. बोरघाटात येताना ती अर्ध्याच्या जवळ आलेली असते, म्हणून तिथं एकदाच बंद पडली. आणि आमच्याकडं गाडी यायची ती कायम पंपावर फुल करून! आम्ही ज्या टाकीनं ट्रायल घेत होतो ती टाकी कधी त्रास देणारच नव्हती.

गॅरेजला येऊन टाकीतलं डिझेल कॅनमध्ये काढलं, अर्ध्याच्या खाली आणलं. टाकी ते फीड पंप या मधल्या लाइनचा पाइप काढून तिथं पारदर्शक होज लावला, दोन्हीकडं क्लिप आवळून. चालू केली, आयडलला एखाददुसरा बुडबुडा, रेस दिली तशी बुडबुड्यांची माळ सुरू झाली. परत टाकी भरली, माळ गायब. वस्तादांनी टाकीवरचा सक्शन पाइप बाहेर काढला, खालचं तोंड अंगठ्यानं बंद केलं, पाण्याच्या बादलीत बुडवला आणि वरून फुंकला. मधोमध एक केसाएवढी चीर, गंजानं पडलेली. डिझेल चिरेच्या वर असेपर्यंत त्या चिरेतून पण डिझेलच ओढलं जायचं, लेव्हल खाली गेली की हवा. चढाला डिझेल टाकीत मागं सरकतं, पाय पूर्ण दाबलेला असतो, इंजिनला भरपूर डिझेल हवं असतं, तेवढ्यात ही हवा पंपात जायची. मामा खाली उतरून हातपंप मारायचे, एअर निघायची, गाडी चालू. ते मला सुरुवातीलाच कळलं असतं, पण विचारलं कोणी?

त्या लाइनबद्दल एक गोष्ट नवीन पोरांना कायम चकवते. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळं तिथं भोक असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर ठिबकायच्या ऐवजी हवा आत जाते, आणि तुम्ही हात फिरवून सगळं कोरडं आहे म्हणून पुढं जाता. फीड पंपाच्या पुढं मात्र प्रेशर आहे, तिथं गळलं तर ओलं दिसतं. पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टखालची तांब्याची वायसर जुनीच परत बसवायची वेळ आली तर ती लाल तापवून पाण्यात टाका, मऊ होते आणि नीट बसते, नाहीतर तिथनं पण हवा घेते. आणि फिल्टर बदलल्यावर पहिली काही मिनिटं होजमध्ये बुडबुडे दिसतातच, त्यावरून लगेच निकाल देऊ नका.

होज नसेल तर कॅनची टेस्ट करा. डिझेलचा कॅन केबिनच्या बाजूला उंचावर पक्का बांधायचा आणि त्यातून पाइप थेट फीड पंपाला. टाकी आणि तिची लाइन बाजूला पडली. आता गाडी बंद पडली नाही तर दोष टाकीकडं, पडली तर फीड पंप आणि पुढं. वीस मिनिटांचं काम आहे, आणि आम्ही ते न करता अठरा हजारांचा पंप उतरवला होता.

त्यानंतरच्या वर्षांत अशा गाड्या बऱ्याच आल्या आणि बहुतेक वेळा चोर टाकीकडंच सापडला. एका गाडीच्या टाकीचं झाकण हरवलं म्हणून ड्रायव्हरनं रस्त्यावरनं दुसरं घेतलं, त्याला हवेचं भोकच नव्हतं, वर पाऊस आत जायला नको म्हणून प्लास्टिकची पिशवी बांधलेली. दोनेक तास चालली की टाकीत व्हॅक्यूम व्हायचा आणि डिझेल यायचं बंद. असा संशय आला तर बंद पडल्या पडल्या झाकण उघडायला सांगा, फुस्स करून हवा आत गेली की समजा. दुसऱ्या एका टाकीत पिशवीचा तुकडा तरंगत होता, तो जाळीवर येऊन चिकटायचा, गाडी मरायची, ओढ थांबली की तो सुटून बाजूला जायचा, दहा मिनिटांनी गाडी काही झालंच नाही अशी चालू. रबरी होज वरून नवाकोरा दिसतो पण आतलं अस्तर सुटून ओढीनं मिटतं, हे तर मी स्वतः हातात धरून फसलोय. पावसाळ्यात पाणी. ते सकाळी गाडी चालू करायच्या आधी काढा, रात्रभरात खाली बसलेलं असतं, काचेच्या बाटलीत घेतलं की वर डिझेल खाली पाणी स्पष्ट दिसतं.

खटकन जाणाऱ्या गाडीला करंट असेपर्यंत डिझेल चालू ठेवणारा सोलेनॉइड असेल तर त्याच्या वायरला एक छोटा बल्ब जोडून केबिनमध्ये ड्रायव्हरच्या समोर ठेवा. गाडी मेली तेव्हा बल्ब पण विझला तर करंट गेला, मग चावीचा स्विच, फ्यूज, वायरच्या टोकाचं लूज थिंबल, अर्थिंग. बल्ब पेटलेला आणि गाडी मेली तर सोलेनॉइड स्वतः, गरम झाला की त्याची कॉइल सोडते. गरम झाल्यावरच मरणारी आणि थंड झाल्यावर चालू होणारी गाडी रोटरी पंपाची असेल तर पंप घासलेला असू शकतो, गरम डिझेल पातळ होऊन प्रेशर बनत नाही. तेव्हा पंपावर ओलं फडकं ठेवून बघतात. फडकं म्हणतोय मी, बादली नाही, तापलेल्या पंपावर गार पाणी ओतून पंप जाम केलेले लोक आहेत.

हे करताना गाडी रोडवर असेल तर आधी चाकाला ओंडका, मग बाकीचं. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, एअर टाकीत उरलंय तेवढंच ब्रेकचं प्रेशर, आणि स्टिअरिंग दगडासारखं होतं, त्यामुळं ड्रायव्हरला घाटात उताराला सोडून चालू करायला कधीच सांगू नका. उडणाऱ्या नोझलपुढं बोट धरायचं नाही, ते डिझेल कातडीतून आत घुसतं. आणि टाकी गळते म्हणून वेल्डिंगला न्यायची तर ती रिकामी आहे एवढं पुरत नाही, आतली वाफ पेट घेते, ज्याला ते काम नीट येतं त्याच्याकडंच द्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला. आम्ही फिल्टर, फीड पंप, पंप हे किमान वेगवेगळं केलं होतं, काही ठिकाणी सगळं एकदम बदलतात, मग गाडी सुधारली तरी कशानं सुधारली ते कोणालाच कळत नाही.

तर त्या गाडीला नवीन सक्शन पाइप करून घेतला, मुद्दाम टाकी पाऊणच भरून वाशीला पाठवली, परत येताना डिझेल टाकायचं नाही असं मामांना सांगून, आणि खंबाटकी चढून आल्यावर त्यांनी वेळे गावातनं मिस्ड कॉल दिला. मालकाला बिल दिलं तर तो पाइपाकडं बघतच राहिला, "एवढ्याशा नळीचे एवढे?" नळीचे साडेतीनशे होते, बाकी मजुरी. पंपाच्या अठरा हजारांवर तो एक शब्द बोलला नव्हता कारण पंप मोठा दिसतो. वस्तादांनी त्यातलं आमचं उतरवण्या-बसवण्याचं लेबर सोडून दिलं, चूक आमची होती. आता माझं स्वतःचं गॅरेज आहे आणि बिलावर पहिली ओळ मी "फॉल्ट शोधणे" अशीच लिहितो, पार्ट त्याच्या खाली. घासाघीस सगळी त्याच ओळीवर होते.