मे किंवा दिवाळीच्या सुट्टीत श्रीलंका? आधी किनारा ठरवा, मग गाव

आपल्या शाळांच्या दोन्ही सुट्ट्या नेमक्या श्रीलंकेच्या मधल्या सीझनला येतात, म्हणजे धड गर्दी नाही आणि धड पावसाळापण नाही. हॉटेलं स्वस्त दिसतात, आपण खूश होतो आणि रील्समध्ये बघितलेलं दक्षिण किनाऱ्यावरचं मिरिसा बुक करून मोकळे. आम्हीपण तेच केलं, मेच्या शेवटी गेलो, पाचही दिवस बीचवर लाल झेंडा, पाणी गढूळ, आणि पोरं स्विमसूट घालून खिडकीला नाक लावून बसलेली.

तर गणित साधं आहे. बेटाच्या मध्ये डोंगर, सगळ्यात उंच पिदुरुतलागला २,५२४ मीटर. मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्येकडून वारा येतो, तो पाऊस कोलंबो, गॉल, नुवारा एलिया या बाजूला ओततो आणि डोंगरापलीकडे जाईपर्यंत कोरडा होतो, अगदी आपलं महाबळेश्वर आणि माण-खटाव समजा ना. डिसेंबर ते फेब्रुवारी बरोब्बर उलटं, तेव्हा पूर्व किनारा भिजतो.

म्हणून मे महिन्यात, खासकरून पंधरा तारखेनंतर जाणार असाल तर डोळे मिटून पूर्वेला जा. त्रिंकोमालीजवळ निलावेलीला राहायचं, तिथून बोटीने पिजन आयलंडला स्नॉर्कलिंग, सर्फिंगची हौस असेल तर अरुगम बे. कोलंबोहून लांब पडतं हे खरंय, अख्खा दिवस गाडीत जातो, पण वाटेत दांबुल्ला-सिगिरियाला एक मुक्काम टाकला की जाणवत नाही. सिगिरियाच्या खडकावरच्या किल्ल्याला पायऱ्या १,२०० च्या आसपास आहेत, तेव्हा सकाळी गेट उघडताच चढायला लागा, दहानंतर दगड तापतो आणि आईबाबा सोबत असतील तर त्यांचे हाल बघवत नाहीत.

एप्रिलमध्ये दोन्ही किनारे चालतात. दुपारनंतर ढग गडगडतात, तासभर धो धो, मग परत ऊन. फक्त १३-१४ एप्रिलला त्यांचं नवीन वर्ष असतं, दुकानं बंद, ट्रेन खच्चून भरलेल्या, आणि नुवारा एलियाला तर अख्खं कोलंबो लोटतं, त्यामुळे तो आठवडा टाळलेला बरा.

दिवाळीचं जरा अवघड आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस कुठेही गाठतो, वर बंगालच्या उपसागरात वादळाची भीती. तेव्हा बीचच्या भरवशावर जाऊच नका. कँडी, दांबुल्लाच्या गुहा, गॉलचा किल्ला असं काहीतरी धरा, पावसात अडकलात तरी चहा घेत बसता येतं. नोव्हेंबर सरत आला की दक्षिणेचा समुद्र निवळायला लागतो, मिरिसाला देवमासे दाखवणाऱ्या बोटीपण सुरू होतात.

बुकिंग करताना हॉटेलवाल्याला "पाऊस आहे का" असं विचारू नका, तो "नाही" च म्हणणार. "या आठवड्यात लोक पोहतायत का, आजचा व्हिडिओ पाठवा" म्हणा. आमच्यावाल्याने फोटो पाठवला होता, फेब्रुवारीचा.

आणि हो, पौर्णिमेला तिथे दारूविक्री बंद असते, मित्रमंडळी घेऊन जात असाल तर कॅलेंडर आधी बघा.