नावामागे काय लावायचं: बडोद्यात कंपनी काढण्याआधीची तयारी

पॅन, आधार, फोटो, जागामालकाचं संमतिपत्र हे सी.ए. सांगतीलच. विजेचं बिल दोन महिन्यांपेक्षा जुनं नको. एक मात्र घरीच बघून ठेवा: इकडे आपल्या बायकांच्या एखाद्या कागदावर नावाला ‘बेन’ जोडलेलं असतं, पॅनवर नसतं. लग्नाआधीचं आणि नंतरचं आडनाव हा घोळ वेगळाच. डिजिटल सही काढताना हे नडतं, म्हणून आधीच सगळीकडे एकसारखं करून घ्या.

मग नावाच्या शेवटी काय येणार ते ठरवा. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ भारदस्त वाटतं म्हणून लावायचं, असं करू नका. ते शब्द धंद्याचा प्रकार सांगतात आणि त्या प्रकाराची कामं दरवर्षी तुमच्या मागे लागतात. प्रायव्हेट लिमिटेडला निदान दोन भागधारक आणि दोन संचालक हवेत, आणि विक्री कितीही कमी असली तरी ऑडिट चुकत नाही. एलएलपीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला, दोन भागीदार पुरतात. विक्री 40 लाखांच्या आणि भांडवल 25 लाखांच्या आत असेल तर एलएलपी कायद्याखाली ऑडिटची सक्ती नाही. नणंद-भावजयींनी मिळून चालवलेल्या मसाल्याच्या धंद्याला माझ्या मते एलएलपी बरी. पण उद्या बाहेरच्या कोणाला शेअर देऊन पैसा उभा करायचा असेल तर एलएलपीत शेअर नसतात, तेव्हा आजच प्रायव्हेट लिमिटेड करा. एकट्याने काढणार असाल तर ‘ओपीसी प्रायव्हेट लिमिटेड’, म्हणजे एकाच माणसाची कंपनी. त्यात तुमच्या पश्चात कंपनी कोणाकडे जाईल त्या माणसाची लेखी संमती लागते, ती अर्जाआधीच घेऊन ठेवा. आणि काहीच नोंदवायचं नसेल तर पाटीवर ‘लिमिटेड’ लिहायचंच नाही. कंपनी कायद्याच्या कलम 453 प्रमाणे त्याला दिवसाला 500 ते 2,000 रुपये दंड आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. नाव शोधताना शेवटचे शब्द काढून टाका. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ काढा, ‘एलएलपी’ काढा, आणि उरलेलं नाव शोधा. दोन नावं सारखी आहेत का हे बघताना सरकार हे शब्द धरतच नाही. ‘अमुक फूड्स एलएलपी’ आधीच असेल तर ‘अमुक फूड्स प्रायव्हेट लिमिटेड’ मिळणार नाही. मागच्या खेपेला आमच्या मसाल्यांचं नाव यावरूनच परत आलं. आम्ही फक्त कंपन्या पाहिल्या, एलएलपी पाहिल्याच नाहीत. म्हणून एमसीएच्या, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय मंत्रालयाच्या, साइटवर कंपन्याही बघा आणि एलएलपीही बघा. मग ट्रेडमार्कच्या साइटवर बघा, कारण नोंदलेल्याच नव्हे, नुसत्या अर्ज केलेल्या ट्रेडमार्कशी जुळणारं नावही मालकाच्या परवानगीशिवाय देत नाहीत. ट्रेडमार्क मालाच्या वर्गांप्रमाणे नोंदतात: मसाले वर्ग 30 मध्ये येतात, लोणची 29 मध्ये. दोन्ही करणार असाल तर दोन्ही चाळा.

शेवटचे शब्द काढून शोधा, हे पुन्हा सांगते, कारण पुढच्या पळवाटा सगळ्यांनाच सुचतात. नावात ‘वडोदरा’ घातलं की वेगळं होईल? नाही, नुसतं गावाचं नाव जोडून चालत नाही. एका ‘ए’ऐवजी दोन ‘ए’ लिहिले तर? नाही. अनेकवचन केलं, दोन शब्द जोडून एक केला, मागे ‘डॉट कॉम’ लावलं? नाही, नाही, नाही. इंग्रजी नावाचं सरळ हिंदी भाषांतरही त्याच नावात धरतात. शेपूट काढल्यावर जे उरतं ते मुळातच वेगळं हवं. ‘सी.ए. बघून घेतील’ म्हणून सोडून देऊ नका. त्यांना तुम्ही दिलेलंच नाव टाकायचं असतं. अर्जाच्या आदल्या रात्री स्वतः बसा, शेवटचे शब्द काढा आणि तिन्ही ठिकाणी पुन्हा शोधा. आधी शोधलं असलं तरी पुन्हा, कारण मधल्या काळात दुसऱ्या कोणी तेच नाव घेतलेलं असू शकतं.

कंपनीच्या नावाचा अर्ज स्पाइस प्लस या कंपनी नोंदणीच्या ऑनलाइन फॉर्मच्या भाग ‘अ’मधून जातो. फी 1,000 रुपये, नाव नाकारलं तरी ती परत मिळत नाही. एका अर्जात दोन नावं देता येतात, तेव्हा दुसरं नावही तितकंच तपासलेलं असू द्या, तेही शेवटचे शब्द काढून. मंजूर नाव 20 दिवस राखून ठेवतात. जास्त दिवस हवे असतील तर पैसे भरून मुदत वाढते, पण कागद तयार असले की गरज पडत नाही. नोंदणीचा दाखला हातात येईपर्यंत डबे, लेबलं, बिलबुकं काहीही छापायला टाकू नका.

दाखला आल्यावर बँक, जीएसटी, भाडेकरार सगळीकडे नाव शेवटच्या शब्दांसकट, अक्षर न् अक्षर तेच. कंपनी असेल तर बिलावर सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांकही हवा.

पाटी: कंपनीचं पूर्ण नाव आणि नोंदणीकृत पत्ता बाहेर लावावाच लागतो, आणि तो त्या भागात चालणाऱ्या लिपीतही. म्हणजे बडोद्यात गुजराती. दांडिया बाजारात राहात असलात तरी नुसती मराठी किंवा इंग्रजी पाटी पुरत नाही.

भागभांडवल खात्यात भरून धंदा सुरू केल्याचं जाहीरपत्र, म्हणजे आयएनसी-20ए हा फॉर्म, नोंदणीपासून 180 दिवसांच्या आत. हे फक्त कंपन्यांना, एलएलपीला नाही.